फरशीखालचा अर्थ

मी, उत्तरेश्वर लिंबाजी घोडके, वय वर्षे एकसष्ट, धंदा रेडिओदुरुस्ती, राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे आहे, डोके शाबूत आहे. दादाचे डोके फिरले असे माझा धाकटा भाऊ महारुद्र गावभर सांगतो. ते खरे असते तर मी कागद लिहीत बसलो नसतो, सरळ त्याचे डोके फोडले असते.

माझी मिळकत स्वकष्टाची आहे. मूलबाळ नाही. पत्नी धुरपदाबाई गेल्या पौषात वारली. तेव्हा पुढीलप्रमाणे व्यवस्था व्हावी.

१. दुकानातील मीटर, पेचकस, कथील लावायची सळई आणि व्हॉल्वची, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या दिव्यांची, पेटी जळकोटचे वली आतार यांना द्यावी. आम्ही दोघे हैदराबादेत एकाच दुकानात हे काम शिकलो. वलीभाई सेट उघडायच्या आधी त्याला थापड मारतात. ही पद्धत अडाणी आहे, हे मी त्यांना वीस वर्षे सांगत आलो आणि येथे लेखी सांगतो. पण गावाने मला चोर ठरवले तेव्हा माझ्या ओट्यावर बसून चहा पिणारा तो एकच माणूस होता. महारुद्राला यातला एक स्क्रूसुद्धा मिळू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वलीभाईंनीच करावी.

२. घरातला रेडिओ माझ्या मयत बहिणीची मुलगी तारामती हिला द्यावा. अंगणातली तुळस तिने हलवू नये. कारण असे की, रेडिओला दोन तारा लागतात. एक बांबूवर ताणलेली एरियल आणि दुसरी जमिनीत पुरलेली. तिला आम्ही धंद्यातले लोक अर्थ म्हणतो. अर्थाभोवतीची माती ओली असली की आवाज साफ येतो, कोरडी पडली की नुसती खरखर. आमच्या भागात माती ओली राहणार कशाने? म्हणून मी अंगणात तांब्याचा पत्रा पुरला आणि त्यावर तुळस लावली. धुरपदा रोज पाणी घालणार, हे मला ठाऊक होते.

३. आता महारुद्र. १९५७ साली ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला. तो मीच बसवला. चावडीपुढे अर्थ पुरला आणि कोतवालाला तेथे रोज घागर ओतायला लावली. पुढल्या वर्षी महारुद्र पंच झाला. त्याने नेमका त्याच जागी शहाबादी फरशीचा ओटा बांधला आणि वर आमच्या वडिलांचे नाव कोरले. दोन महिन्यांत रेडिओ खरखरू लागला. माझ्या घरचा मात्र खणखणीत बोलत होता.

भर चावडीत महारुद्र म्हणाला, "चावडीतला व्हॉल दादानं काढला अन् घरच्यात घातला."

मी म्हणालो, "व्हॉल हाय तिथंच हाय. त्याला अर्थ न्हाय राहिला."

"ऐका मंडळी," तो म्हणाला, "दादाच्या बोलण्यालाच अर्थ न्हाय."

सगळी चावडी हसली. खाली साक्षीदार म्हणून सही करणारे कल्याणप्पाही हसले होते. म्हणूनच त्यांना सहीला बोलावले आहे.

फरशी उचला, असे मी म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "आबांच्या नावावर पहार घालता व्हय?" बापाचे नाव पुढे केल्यावर बोलणार कोण? मला सेटला हात लावायची बंदी झाली, सेट कपाटात गेला आणि मी व्हॉलचोर झालो. आमचा खंडोबासुद्धा वर्षाचे महिने वाटून अणदूर आणि नळदुर्गात राहतो, दोन्ही गावे त्याचा करार लिहितात आणि पाळतात. एका आईच्या दोन पोरांना एक गाव पुरले नाही.

आडावर बायका "व्हॉलचोराची आली" म्हणू लागल्या. धुरपदाने आड सोडला. ती मळ्यातल्या विहिरीवरून अर्ध्या कोसाचे पाणी आणू लागली, मरेपर्यंत. हे मी महारुद्राला माफ केलेले नाही. करणारही नाही.

४. माझ्या हातून चोरी झाली असेल तर ती एकच. तुळशीखाली पत्रा आहे हे मी बायकोला पंधरा वर्षे सांगितले नाही. तिच्या देवाचे पाणी माझ्या रेडिओला पाजले. शेवटच्या दुखण्यात ते तिला सांगितले. ती म्हणाली, "ठावं व्हतं मला. पाणी घातलं की तुमचा रेडिओ नीट बोलायचा. म्हणून तर दोन तांबे घालायची."

ते लांबून आणलेले पाणी होते.

५. राहते घर. माझ्या तेराव्या दिवशी वलीभाईंनी सोलापुरातून नवी बॅटरी आणावी आणि चावडीतला सेट कपाटातून काढून आहे त्याच व्हॉल्ववर जोडावा. थापड मारू नये. महारुद्राने गावासमोर स्वतःच्या हाताने ओट्याच्या फरश्या उचलाव्यात. आबांचे नाव कोरलेली फरशी सांभाळून बाजूला ठेवावी, ते माझेही वडील होते. मग त्याने धुरपदाचा तांब्या घेऊन खालच्या मातीत पाणी घालावे. दोन तांबे. माती फार कोरडी असेल, तर आणखी घालावे, पण त्याच तांब्याने.

मी चोर आहे अशी त्याची खात्री असेल, तर त्याला भिण्याचे कारण नाही. पाणी मुरल्यावरही खरखर राहिली, तर मी चोर आणि घर महारुद्राचे. तो आलाच नाही, तर घर तारामतीचे, आणि गावाने समजायचे ते समजावे. आवाज साफ आला, तरी घर तारामतीचेच. त्या वेळी महारुद्राने माफी मागू नये, आणि रडूही नये. गप उभे राहावे आणि रेडिओला बोलू द्यावे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्यादेखत मी सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी.

सही: उत्तरेश्वर लिंबाजी घोडके

साक्षीदार:
१. कल्याणप्पा बंडप्पा पाटील, अणदूर (मी हसलो होतो, हे खरे आहे.)
२. आयुब महेबूब शेख, अणदूर

मुक्काम अणदूर, सोमवार, दिनांक ९ मार्च १९६४