सरिताचं नाव

शुक्रवार, संध्याकाळ, भंवरकुआं

आज कॉलेजात आमच्या संशोधन-पत्रिकेचा पहिला अंक निघाला. ख्रिस्ती धर्म आणि संस्कृती हा विषय, सगळे लेख विद्यार्थ्यांचे. पण डोक्यात प्रकाशनाच्या कार्यक्रमाला आलेला एक अनोळखी माणूस बसलाय. मागच्या रांगेत बसून त्याने फक्त लेखकांच्या नावांच्या पानाचा फोटो काढला. का? मी जवळ गेले, तर सरिताच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "ये किससे पूछकर छापा?"

सरिता माझी रूममेट. तिने चर्चमधल्या माळवी भजनांवर लिहिलंय.

"उसी से पूछकर," मी म्हटलं. तो निघून गेला, पण फोटो घेऊन. कुणाला दाखवणार तो?

सरिता ताप आहे म्हणून आली नव्हती. खोलीवर येऊन तिला सांगितलं.

"चष्म्याला दोरी होती?" तिने विचारलं.

होती.

"मग पप्पाच. आम्ही चर्चला जातो हे त्यांच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नाही."

म्हणजे ती तापामुळे थांबली की घाबरून? विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "ऑनलाइन अंकातून नाव काढू?"

तिने माझ्या हातातला अंक घेऊन आपलं नाव शोधलं. मग म्हणाली, "नको. आता बघितलंच आहे ना त्यांनी. राहू दे."