आईचं ऐकायला ये

घाटनांदूर, पौष वद्य ५, शके १८४०

चि. त्रिंबक यास भामाअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडं खुशाली हाय असं लिवायची रीत, म्हणून लिवते. खरं तसं न्हाई.

मानमोडीच्या तापात आपला रामहरी गेला, त्याला तीन महिने झाले. धाकट्याचं नाव आईसमोर कुणी काढायचं न्हाई, तिला रडू द्यायचं न्हाई, असं बजावून तू बीडला कचेरीत परतलास. आमी तुझा हुकूम पाळला. आता आई चतकोर भाकरीबी खात न्हाई. अशानं ती उन्हाळा बघत न्हाई, साफ सांगते.

काल म्हाळू धनगर रामहरीनं सांगितलेली घोंगडी घेऊन आला. मेंढरं घेऊन लांब गेलता, बिचाऱ्याला कायबी ठाऊक न्हाई. माझ्याकडून कळलं तसा आईजवळ जाऊन बसला, आन् रामहरी कसा गेला असं त्यानं आईलाच इचारलं. मी त्याला आडवाय उठले. पण आई बोलाय लागली रे! दुपारपासून गुरं परतेपर्यंत. म्हाळूनं देवाची मर्जी म्हटलं न्हाई की धीर धरा म्हटलं न्हाई, नुसता ऐकत बसला. लेकरू पाणी पाणी करत होतं, हकिमानं मना केलतं म्हणून आपण घोटभर दिलं न्हाई, असं आई म्हणाली. मग पिठलं-भाकरी मागून खाल्ली.

आज पुन्हा गप्प. त्रिंबक कधी येतो, एवढंच इचारते. तू दिवसभर परक्यांच्या जबान्या लिहून घेतोस, शहाण्या, मग आईची कावून न्हाई?

अक्कावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी, भामा


बीड, माघ शुद्ध २

ती. सौ. अक्कास त्रिंबकचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. साहेब रजा देत नाहीत असं लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. रजा मी मागितलीच नाही, अक्का.

पाणी देऊ नका हा हकिमाचा निरोप मीच आणला होता. आईला राहवलं नाही, तेव्हा तिच्या हातातला तांब्या मीच हिसकावून घेतला. रामहरीचं नाव निघालं की मला तो तांब्या दिसतो. म्हणून नाव बंद केलं. आईसाठी केलं असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं. आता तिच्यासमोर कोणत्या तोंडानं बसू?

पण तिनं अन्न सोडलंय. अर्ज आजच देतो.

चुकलो असलो तरी भाऊच आहे, लोभ राहू दे.

त्रिंबक


घाटनांदूर, माघ वद्य ३

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मी आलो त्याच दिवशी तू पालीला सासरी निघून गेलीस. मुद्दामच गेलीस, ओळखलं मी!

दुपारी आईजवळ बसलो. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. समजूत घालायला माझं तोंड तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. पाण्यापाशी आली तेव्हा पुन्हा म्हणाली की आपणच दिलं नाही. तांब्याचं नाव नाही, माझं नाव नाही. अक्का, मला सोसवलं नाही. आई, तू देत होतीस, मी तांब्या हिसकावला, असं मी रडत बोलून गेलो. आई म्हणाली की ठाऊक आहे, तू हे एकटा घेऊन बीडला बसलायस म्हणूनच तुझी वाट बघत होते. मग मला म्हणाली की आता तू सांग. मी सांगत राहिलो. तिनं एकदाही मधे थांबवलं नाही.

काल दीड भाकरी खाल्ली तिनं. आज सकाळी परसातून तिनं हाक मारली ती चुकून रामहरी म्हणून. मी ओ दिली.

तुझ्या शब्दाचा भुकेला,

त्रिंबक