तीन दिवसांचा शब्द

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज तुझी लेक सभागृहात पहिल्यांदा बोलली. मी खाली लघुलेखकांच्या टेबलावर होते, म्हणजे भाचीचं पहिलं भाषण आत्यानेच टिपलं. नळाच्या पाण्यावर वीस मिनिटं बोलली, कागदाकडे न बघता. ऊर भरून आला. आणि शेवटी समोरच्या बाकावरच्या मास्तरांना, विरोधी पक्षाच्या त्या वयस्कर सदस्यांना, चक्क हरामखोर म्हणाली.

गेल्या महिन्यात मास्तरांनी हाच शब्द मंत्र्यांना वापरला, तेव्हा त्यांना तीन दिवस बाहेर बसवलं होतं. तूही वर्तमानपत्राला खरमरीत पत्र धाडलंस, की अशी जीभ सभागृहात शोभत नाही. आज तुमच्या पक्षाच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. दुपारी आमच्या साहेबांनी सांगितलं, तो शब्द कुणी उच्चारलाच नाही असं टाइप करा. मास्तरांचा शब्द मात्र अहवालात छापून बसलाय. माझ्या सहीशिवाय प्रत पुढे जात नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत आणि सहीला हात उचलत नाही. काय करू?

वहिनीचा गुडघा कसा आहे? लोभ असू दे, पक्षाबाहेरच्यांवरही.

तुझी,
छोटी

६ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तू छप्पन्न वर्षांची झालीस तरी राईचा पर्वत करायची खोड गेली नाही. अगं, मास्तर बोलले ती शिवीगाळ होती. पोरगी बोलली तो संताप होता, आणि तोही लोकांच्या पाण्यासाठी. फरक आहे की नाही? दुकानात घड्याळ दुरुस्तीला येणारा प्रत्येक जण माझी पाठ थोपटून जातोय. तिला तू अंगाखांद्यावर खेळवलंस. तिच्यासाठी एक शब्द गाळलास तर काही आभाळ कोसळत नाही. मुकाट्याने सही कर.

गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. ती म्हणते, नणंदबाईंचंच खरं.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मी सही केली, शब्दासकट. साहेबांनी माझी रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींकडे केली. शिंका फार येतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुझी लेक तणतणत खाली आली. सख्खी आत्याच पाय ओढते म्हणाली. मी तिच्यापुढे दोन पानं ठेवली, एक तिचं, एक मास्तरांचं. बराच वेळ वाचत बसली. मग विचारलं, बाबा काय म्हणतात. मी तुझं पत्र दिलं. पहिल्या ओळीला हसली, पुढे हसली नाही.

काल सभागृहात उभी राहिली. तो शब्द माझाच आहे, तो राहू द्या, मास्तरांची मी माफी मागते आणि त्यांना दिले तेवढे तीन दिवस मलाही द्या, असं म्हणाली. सभापतींनी नकार दिला. तर स्वतःच उठून बाहेर गेली. तुमच्या बाकांवर एकही टाळी नाही. पुढच्या वेळी तिकीट मिळेल असं वाटत नाही, दादा, आणि हे तिलाही ठाऊक आहे. मास्तर मला जिन्यात भेटले. मुलगी परत कधी येणार, म्हणाले, भांडायला दुसरं कुणी बरं नाही.

ती आज घरी पोचेल. तिला बोलू नकोस. माझ्यावर काढ सगळं.

लोभ शिल्लक असेल तर कळव.

तुझी,
छोटी

१५ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पहिला दिवस आम्ही बापलेक फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी दुकानात एक जण आला. तुमच्या लेकीने मास्तरांची चांगली जिरवली, मग माफी कशाला, असं तिच्यासमोरच म्हणाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी त्याला सांगितलं की तिने केलं ते बरोबर केलं. माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.

ती आज सकाळी परत गेली. निघताना पाया पडली, तेव्हा मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग मास्तरांना पत्र लिहायला बसलो, की वर्तमानपत्रात मी फक्त तुमचीच जीभ मोजली, ते चुकलं. चार कागद फाडले. चारही वेळा त्या वाक्यापुढे ‘पण’ आला होता. पाचव्यात आला नाही. तेच टपालपेटीत टाकून आलोय.

तुझा,
दादा