खाऊचा पैसा

९ फेब्रुवारी, खापरखेडा

रोजनिशी, माफ कर. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. नवी नोकरी, बांधाबांध, ही कारणं खरी आहेत. आळस हे त्याहून खरं. पण आज लिहायलाच हवं, कारण मी खूश आहे. भाड्याचं का होईना, अंगण असलेलं घर मिळालं! मागे सीताफळाचं झाड, लांबवर वीजकेंद्राच्या चिमण्या. सात वर्षांच्या नूपुरने त्या चिमण्यांना नावंही देऊन टाकली. पुष्कर पुण्यातलं काम आटोपून जूनमध्ये येईल. तोवर आम्ही मायलेकीच.

शेजारच्या कांताबाई सत्तरीच्या आहेत. त्यांनी सांबारवडी आणून दिली. नूपुर वडी उलगडून आत सांबार शोधू लागली, तर म्हणाल्या, कोथिंबिरीलेच सांबार म्हणतात वं पोरी, पुण्यात काय गवत म्हणता का तिले?

उद्या : गॅसची नळी बदलणे.

१६ फेब्रुवारी

कॉलेजच्या छंदवर्गासाठी धातुशोधक यंत्र आलं. मुलांना शिकवण्याआधी मला यायला हवं, म्हणून घरी आणून अंगणात सराव करते आहे. लोखंड सहज कळतं. खरी पंचाईत नाणं आणि अॅल्युमिनियमचा कचरा वेगळा ओळखण्याची. पडद्यावर आकडा येतो : चॉकलेटची चंदेरी पन्नी, गोळ्यांची रिकामी पाकिटं खालच्या आकड्यावर; तांबं, चांदी वरच्या. मधल्या आकड्यांत सगळा गोंधळ. तिथे कानावर भरवसा ठेवायचा. यंत्राची थाळी एकदा आडवी फिरवायची, एकदा उभी. गोल नाणं दोन्हीकडून एकाच सुरात बोलतं; चुरगळलेली पन्नी दिशा बदलली की अडखळते.

नूपुरच्या चांदीच्या पैंजणांवर थाळी धरली, तर उंच, स्वच्छ, लांब सूर. मग दिवसभर ती पाय पुढे करून वाजव म्हणत होती.

सीताफळाखाली आकडा कचऱ्याचा आला, सूर मात्र दोन्हीकडून स्थिर. खणलं. मातीने माखलेली हलकी चकती, काठ लहरी : बाटलीचं बूच. त्याला काळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. धुऊन पाहायला हवं होतं का? कान नाणं म्हणत होता आणि मी आकड्याचं ऐकलं. पण एका बुचासाठी किती विचार करायचा! पन्नीच्या ढिगाबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं.

उद्या : प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासणे.

२३ फेब्रुवारी

नूपुर इकडची बोली पटकन उचलते आहे. जेवताना म्हणाली, मले भात नको. पुष्करला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, मग तूही विचार ना, काहून नको वं?

हसलो. पण नंतर ती खाऊचा पैसा मागू लागली. दहा रुपये दिले. तिने नाणं उलटसुलट पाहिलं आणि परत केलं. हा नाही, माझा दे.

या रोजनिशीची मागची पानंही तिने माझ्या पेनाने भरली आहेत. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत एकच शब्द : दे दे दे. ती दुसरीत आहे, अक्षर सुरेख आहे तिचं. रागवावं की नाही, ठरवता आलं नाही.

उद्या : तिच्या वर्गशिक्षिकांना भेटणे.

१ मार्च

वर्गशिक्षिका म्हणाल्या, शाळेतही हल्ली 'मले'च म्हणते, गंमत वाटते.

संध्याकाळी कांताबाई ओट्यावर बसल्या होत्या. ही जागा पूर्वी त्यांचं वावर होती. त्यांची थोरली, देवकी, सहा वर्षांची असताना तापाने गेली. लहान लेकरांना जाळत नाहीत, म्हणून सीताफळाखाली पुरली. दहा पैशाला भोक पाडून, काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या कमरेला बांधलं. खाऊचा पैसा. तो जवळ असला म्हणजे लेकरू घरी मागायले येत नाही, म्हणाल्या.

कसलं नाणं, मी विचारलं. ते नाही का, हलकं, लहरी काठाचं. तुम्हीबी लहानपणी पाहिलं असन.

पाहिलं होतं. त्यावर गोळ्या घेतल्या होत्या. आणि हातात आलं तेव्हा बूच म्हणाले.

कांताबाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

५ मार्च

भंगारवाला म्हणतो, तो माल केव्हाच वितळला असेल. तरी त्याचा ढीग उपसून पाहिला. नाही.

नागपूरला सीताबर्डीवर जुनी नाणी विकणाऱ्याकडून तसंच दहा पैशाचं नाणं आणलं. भोक पाडलं, काळा दोरा ओवला, त्याच जागी पुरलं. हात जोडले. कोणाला, ते माहीत नाही.

६ मार्च

ते नाणं उंबऱ्यावर होतं. वर ओली माती.

नूपुर म्हणाली, हा दुसऱ्याचा आहे.

९ मार्च

कॉलेजातून आले तर नूपुर कांताबाईंच्या मांडीवर. त्या तिची वेणी घालत होत्या. रडत होत्या. ती त्यांना माय म्हणत होती. त्या तिला देवके.

मी तिला ओढली. कांताबाई म्हणाल्या, राहू द्या ना मॅडम. दोनच दिवस. मंग मीच समजावतो तिले.

दार लावून घेतलं. पुष्करला सगळं सांगितलं. तो उद्याच्या गाडीने निघतो आहे. मला वेड लागलं असेल तर बरं.

११ मार्च, दुपार

पुष्करची गाडी उशिरा. सकाळी पोचायची, अजून नाही.

पैंजण तिच्या पायात दिसतात. ती चालते. वाजत नाहीत.

यंत्र काढलं. पायांवर थाळी धरली. काहीच नाही. चांदीवर — काहीच नाही.

कमरेपाशी आकडा आला. कचऱ्याचा. आडवी फिरवली, उभी फिरवली. सूर स्थिर. फ्रॉक वर करून पाहिला. कमरेला काही नव्हतं.

मग झाडाखाली गेले.

उंच सूर. स्वच्छ. लांब. दोन्हीकडून.

माती कुठेच उकरलेली नाही. तरी माझा कान चुकत नाही — या वेळी आकडाही तेच सांगतो — नूपुर खाली आहे. पुष्करसाठी एवढं लिहून ठेवते, त्याने आधी झाडाखाली पाहावं. पहार हातात आहे. खणते —

ती मागच्या दारात उभी आहे. विचारते, काहून खणून राहिली वं आई. हसते आहे. तिच्या मुठीत काळा दोरा — लांब, माझ्या कमरेला पुरेल एव —

उद्या : आईले खाऊचा पैसा द्यायचा.