व्हॅनिलाचा खुराक

वस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तालमीतली माझ्या बरोबरीची पोरंही आता आजोबा झालीत. मीही झालो. आज लिहायला बसलो, कारण सांगण्यासारखं काहीतरी घडलंय आणि त्यातली गंमत तुम्हालाच कळेल.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा द्वारका चौकाजवळच्या एका सेंटरमध्ये डायलिसिसला जातो. मशीन रक्त साफ करून परत अंगात सोडतं. त्याची सवय झाली. सवय होईना ती अंग झडण्याची. मांड्या काटकुळ्या झाल्या, खाली बसलो की उठवायला बायको लागायची. माझी धाकटी नात कुस्ती शिकते. ती म्हणायची, "आबा, पायांत घुसून पट कसा काढायचा, दाखवा ना," आणि मी खुर्चीत बसूनच हातवारे करायचो.

सेंटरमध्ये आहार सांगणारी एक मुलगी आहे, सटाण्याकडची. माझा रिपोर्ट बघून म्हणाली, "काका, डायलिसिसमध्ये प्रोटीनपण निघून जातं. जेवण तर तुम्हाला जात नाही. मग ते भरून कशानं निघणार?" मला एकदम तुमची थंडाई आठवली. म्हटलं, "बदाम-खसखस घोटून दुधातून घेतो की! आमच्या वस्तादांनी त्याच्यावरच पैलवान घडवले." ती हसली. "नाही हं काका. त्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस तुमच्या किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत. आणि पाणीही तुम्हाला मोजूनच." मग तिने डायलिसिसच्या पेशंटसाठी असते ती पावडर लिहून दिली. थोड्याशा पाण्यात कालवायची, व्हॅनिलाचा वास. पहिला घोट घेतला आणि भिंतीचा चुना तोंडात गेल्यासारखं झालं. शेजारच्या बेडवरच्या मावशीही तेच पितात. माझं तोंड बघून त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

घरी माझ्यापुढे ग्लास ठेवून बायको कमरेवर हात देऊन उभी राहिली. आणि मला तालमीतला पहिला दिवस दिसतो. मळ्यातली फुलं बाजारात पोचवून मी आलोय, नुसता हाडांचा सापळा. तुम्ही स्वतः दगडी कुंडीत घोटलेली थंडाई माझ्या हातात देता. मी आधाशासारखा पेला एका दमात रिकामा करतो आणि दारातच सगळं ओकतो. पोरं खदाखदा हसतात. तुम्ही हसत नाही. पेला पुन्हा भरता आणि माझ्या शेजारी उकिडवे बसता. "लेका, खुराक काय पळून चाललाय का? घोट घोट पी. अंगाला लागाया टाइम लागतो. मी हाय ना बसलेलो." पेला संपेपर्यंत तुम्ही खरंच हलला नाहीत.

म्हणून मी बायकोला म्हटलं, "तू अशी उभी राहू नकोस. बस इथं." ती बसली. सेंटरमधल्या त्या मुलीला विचारून तिने त्यात चिमूटभर वेलदोड्याची पूड घातली, ग्लास गार केला, आणि मी घोट घोट प्यायला लागलो. रोज. एवढा वेळ नुसतं बसून काय करणार, म्हणून बोलायला लागलो. लग्नाला आयुष्य लोटलं, पण तिला शाळेत असताना नाटकात काम करायचं होतं, हे मला त्या ग्लासामुळे कळलं.

काही महिने असेच गेले. एका संध्याकाळी खाली चटईवर नातीशी पत्ते खेळत होतो. आतल्या खोलीत फोन वाजला, मी जाऊन उचलला, आणि तेवढ्यात बाहेरून नात ओरडली, "आज्जी! आबा एकटे उठले!" फोनवर कोण होतं, ते आजतागायत माहीत नाही. मी तसाच बाहेर आलो आणि चटईवर तिला पट काढून दाखवला.

मग सायखेड्याच्या कुस्त्यांमध्ये तिची पहिली कुस्ती लागली. समोरची मुलगी चांगली दांडगी. नात दोनदा खाली गेली, दोनदा निसटली, आणि मग अशी काही पायांत घुसली की त्या पोरीची पाठ मातीला लागल्यावरच लोकांना कळलं. मी आखाड्यात कसा पोचलो, आठवत नाही. तिला उजव्या खांद्यावर घेऊन मी नाचतोय, आणि मागून बायको ओरडतेय, "अहो, डावा हात जपा! सुया टोचायचा हात आहे तो!"

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा कपाटातच राहील. एक मात्र तुमच्या कानावर घालायला हवं. नातीने परवा विचारलं, "आबा, तुम्ही वस्तादांना कधी पाडलं होतं का?" मी ठोकून दिलं, एकदाच, पण चीतपट. तिने ते अख्ख्या तालमीत सांगून टाकलंय.