वरचा पत्ता

थॉर्नमिअर हॉल, १२ मार्च १७८८

प्रिय लेटी,

पत्राच्या बाहेर वरचा पत्ता इतका वाकडातिकडा कुणी लिहिला, असं म्हणून हसली असशील. ते मागाहून सांगते.

तुझी तांबूस घोडी म्हातारी झाली, पण चावायची खोड गेली नाही. जेवणाच्या टेबलाशी तुझी खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर मांजर बसतं आणि तुझ्या पपांना ते खपतं. नवऱ्याला, सर गॉडफ्रीला सोडून तू त्या डॉक्टर पेनरोजबरोबर गेलीस, त्याला सात वर्षं झाली. घटस्फोटाच्या खटल्यात नोकरांनी दिलेल्या साक्षी छापून विकल्या गेल्या, आणि आमच्याकडे चहाला येणाऱ्या बायकांनीच त्या मिटक्या मारत वाचल्या. पपांनी फर्मान काढलं, "या घरात तिचं नाव निघता कामा नये." मी मान डोलावली.

त्याच हिवाळ्यात तू लंडनच्या घरी आलीस, तेव्हा दारावरचा माणूस म्हणाला, "बाईसाहेब घरी नाहीत." नको असलेल्या पाहुण्याला आपण सगळे असंच सांगतो. पण तू वर पाहिलंस, आणि मी खिडकीत उभी होते. तू पायऱ्या उतरलीस. तुझा तो पाठमोरा हिरवा झगा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तुला पत्र का लिहिलं नाही म्हणशील, तर मी स्वतःला एक सबब सांगत आले. पपांसारख्या लॉर्डाने स्वतःच्या हाताने तारीख आणि पत्ता घातला आणि पत्र त्याच तारखेला टाकलं की टपाल फुकट जातं, म्हणून घरातलं प्रत्येक पत्र पपांपुढे ठेवावं लागतं. तुला लिहिलेलं कसं ठेवू? खरं तर गावात जाऊन साधं पत्र टाकता आलं असतं. मी भित्री होते, लेटी. त्यांच्या रागाआड लपणं मला सोयीचं होतं.

डिसेंबरात पपांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. इथले डॉक्टर आता नजर चुकवून बोलतात. आज न्याहारीनंतर त्यांनी कागद मागवले आणि डाव्या हाताने लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथा माझ्याकडे सरकवला. त्यावर आजची तारीख होती, "मिसेस पेनरोज" होतं आणि तुझा ब्रिस्टलचा पत्ता. मी तो त्यांना कधीच सांगितला नव्हता. त्यांना पाठ होता. म्हणाले, "बाहेरचं मी लिहिलंय. आतलं तू लिही. तिला म्हणावं, लवकर ये." तारीख आजची, म्हणजे पत्र आजच निघायला हवं, आणि टपालगाडी चारला जाते. ये, लेटी. या वेळी दार मी स्वतः उघडीन.

तुझीच,
ममा