सीपीआर आणि माझा गुडघा

३ मार्च
कॉलनीच्या हॉलमध्ये सीपीआरचं ट्रेनिंग. समितीने मला ‘आपत्कालीन प्रमुख’ नेमलंय. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. राहणार कोण? सगळी मेंढरं.
शिकवायला एक नर्स. म्हणे, माणूस कोसळला तर खांदे हलवून हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास धड नाही, तर ॲम्ब्युलन्सला फोन लावा आणि तळहाताने छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहा. झालं! एवढ्यासाठी दोन तास? रबरी पुतळ्यापुढे गुडघे टेकणं पदाला शोभत नाही. टेकले नाहीत. बायको मात्र घाम गळेपर्यंत दाबत होती. हौस.

५ मार्च
नर्सचा निरोप: तुमचं प्रॅक्टिकल राहिलंय. कळवलं, थिअरी पक्की आहे. शिवाय गुडघा दुखतो.

९ मार्च
संकल्प: सीपीआरचा व्हिडिओ संपूर्ण पाहणे. सुरुवातीलाच जाहिरात. डोळा लागला.

१४ मार्च, रविवार
साडू आणि मेहुणी जेवायला. साडू स्वतःला पैलवान समजतो. पोहण्याच्या बढाया मारता मारता खुर्चीवरून खाली. आधी वाटलं, नाटकं.
मी लगेच सूत्रं हाती घेतली. पंखा वाढवला. तोंडावर पाणी मारलं. शांत राहा, असं सगळ्यांवर ओरडलो. श्वास चालू आहे, हेही जाहीर केलं. बायको म्हणाली, हे आचके आहेत, श्वास नव्हे, सरका. मेहुणीला फोन लावायला सांगून ती दाबायला लागली. दमल्यावर म्हणाली, आता तुम्ही घ्या. म्हटलं, गुडघा. मग मेहुणी बसली, रडत रडत दाबत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. पंखा फारच जोरात होता.
ॲम्ब्युलन्सवाल्यांनी छातीला शॉक दिला. नाडी लागली.

१६ मार्च
साडू शुद्धीवर. दोन बरगड्या मोडल्यात. बायकोला म्हटलं, बघ, जोर जास्त झाला. डॉक्टर मध्येच म्हणाले, बरगड्या जुळतात हो, माणूस गेला असता. हल्ली कुणालाही डॉक्टर करतात.

१८ एप्रिल
हॉलमध्ये सत्कार. भाषण पाठ केलं होतं. गुच्छ बायकोला. पदही बायकोला, एकमताने. मीही हात वर केला, सगळे बघत होते.
नंतर नवं ट्रेनिंग. बेशुद्ध माणूस म्हणून झोपायला कुणीतरी हवं होतं. बायकोने माझं नाव सुचवलं. सतरंजीवर पडलो. तिने खांदे हलवून विचारलं, अहो, ऐकू येतंय का? गप्प राहायचं होतं, राहिलो. प्रतिसाद नाही, असं तिने हॉलला सांगितलं. पुढच्या रांगेतून साडू म्हणाला, घरीही हीच तऱ्हा असते. सगळे हसले. साडूही हसला आणि बरगड्या धरून कळवळला.
बरं झालं.